जनावर मेले भूमिहीनाचे, भरपाई मात्र सातबाऱ्याला!

खेड्यातल्या गरीब माणसाची बँक म्हणजे त्याच्या दारातले जनावर. मुलीचे लग्न निघाले, घरात दुखणे आले, पोराची कॉलेजची फी भरायची वेळ आली की सावकाराच्या दारात जाण्याआधी तो गोठ्याकडे पाहतो. दोन शेळ्या विकल्या की महिन्याची अडचण सरते, गाय विकली की वर्षाची. हे जनावर रोगाने मेले तर त्या घराची ठेव एका रात्रीत बुडते. बँक बुडाली तर ठेवीदारांसाठी ठेव विमा आहे, त्याला कायदा आहे, मुदत आहे. गोठा बुडाला तर काय आहे? शासनाच्या तिजोरीतून भरपाई मिळते खरी, पण ती कोणाला मिळते, किती मिळते आणि कोणत्या भाषेत मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजेत, असे आम्हाला वाटते. कारण या उत्तरांतच व्यवस्थेची जात दडलेली आहे.

२०२२ सालचा लम्पी चर्मरोग हे याचे ताजे उदाहरण. गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा हा विषाणूजन्य आजार भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. पुढच्याच वर्षी तो आपल्या गडचिरोलीत दिसला. माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो, हे तेव्हाही माहीत होते. तरीही २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात तो पुन्हा उगवला आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा शासनाची धावाधाव सुरू झाली. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, राज्यातल्या सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याची मोहीम निघाली. देशभरात त्या वर्षी दीड लाखांहून अधिक गुरे या रोगाने दगावली. राजस्थान आणि गुजरातेत तर उघड्यावर पडलेल्या मृत गाईंची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली.

महाराष्ट्र शासनाने तेव्हा मदत जाहीर केली. दुधाळ गाईला ३० हजार रुपये, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. हे दर कोठून आले? ते कोणी बाजारात फिरून, दुधाचा हिशेब मांडून काढलेले नव्हते. नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावरांसाठी केंद्राने २०१५ साली जे निकष ठरवले, तेच आकडे सात वर्षांनी उचलून लम्पीला लावले. बाजारात बऱ्यापैकी दूध देणारी संकरित गाय साठ-सत्तर हजारांच्या खाली मिळत नव्हती, तेव्हा ही गोष्ट झाली. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आपत्तीचे निकष सुधारले. दुधाळ जनावर ३७,५०० रुपये, ओढकामाचे मोठे जनावर ३२ हजार, वासरू २० हजार असे नवे दर आले. सप्टेंबरची गाय ३० हजारांची आणि ऑक्टोबरची साडेसदतीस हजारांची! गाय तीच, दूध तेच, फक्त कॅलेंडरचे पान उलटले. शेजारच्या कर्नाटकाने लम्पीत बैलाला ३० हजार आणि गाईला २० हजार ठरवले, म्हणजे आपल्या नेमके उलटे. राजस्थानने २०२३ साली दुधाळ गाईमागे ४० हजार दिले. एकाच रोगाने मेलेल्या एकाच प्रकारच्या जनावराची किंमत राज्याच्या वेशीवर बदलते, याचा अर्थ इतकाच की या दरांमागे तत्त्व काहीच नाही. सत्तेवर बसलेल्यांची मर्जी हेच तत्त्व.

आता भाषेकडे या. शासनाच्या कागदात ‘सानुग्रह’ आणि ‘अर्थसहाय्य’ हे शब्द फार आवडीने वापरले जातात. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासहित, कृपा म्हणून. बाबासाहेबांनी आम्हाला कृपा आणि हक्क यांतला फरक शिकवला आहे, म्हणून हा शब्द आमच्या कानाला खटकतो. देवाचा अनुग्रह नाकारून ज्यांनी माणुसकीचे हक्क मागितले, त्यांनी तहसीलदाराचा अनुग्रह का म्हणून घ्यायचा?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध व नियंत्रण करणारा केंद्रीय कायदा २००९ साली झाला. त्या कायद्याने जनावराच्या मालकावर कर्तव्ये टाकली. रोगाची शंका आली की कळवले पाहिजे, बाधित जनावर वेगळे ठेवले पाहिजे, नियंत्रित क्षेत्रातून जनावर हलवता कामा नये. मोडले तर दंड. ही सारी बंधने समाजाच्या भल्यासाठी आहेत आणि ती पाळलीच पाहिजेत. पण बाजार बंद ठेवून, विक्री थांबवून, जनावर दारात मरू देऊन जो माणूस साऱ्या गावाचे पशुधन वाचवतो, त्याच्या नुकसानीचे काय? कर्तव्य कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले आणि भरपाई मात्र शासन निर्णयाच्या हवाली झाली. दर बदलायचा तर नवा शासन निर्णय, रोग बदलला तर नवा शासन निर्णय, आणि तो निघेपर्यंत गरिबाने वाट पाहायची. ज्याच्यावर कायद्याने बंधन घालता त्याला कायद्यानेच भरपाई द्या, ही मागणी आम्हाला अगदी साधी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भरपाई कोणाला मिळते? केंद्राच्या २०१५ च्या आपत्ती निकषांत जनावरांच्या मदतीचे जे शीर्षक आहे, तेच मुळी ‘अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना मदत’ असे आहे. म्हणजे आधी जमीन, मग जनावर! ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही आणि जो केवळ दोन गाईंवर आणि चार शेळ्यांवर पोट भरतो, तो या शीर्षकात कोठे बसतो? २०२२ साली महाराष्ट्र शासनाने लम्पीपुरती ही अट बाजूला ठेवली आणि सर्व पशुपालकांना मदत देण्याची भूमिका घेतली. त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. चांगल्याला चांगले म्हणण्यात आम्ही कधी कंजुषी केलेली नाही. पण हा निर्णय एका रोगापुरता, एका साथीपुरता होता. उद्या दुसरा रोग आला की पुन्हा जुनीच फाईल उघडणार आणि त्या फाईलीच्या पहिल्या पानावर सातबारा मागितला जाणार, ही भीती आम्हाला वाटते आणि ती अनाठायी नाही.

सातबारा आमच्या माणसाकडे का नाही, हे वेगळे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा १६.६ टक्के आहे, पण वहितीखालच्या जमिनीत तो दहा टक्क्यांहूनही कमी आहे. ही जमीन कोणी दान म्हणून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती मिळवण्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. मराठवाड्यात हजारो कुटुंबांनी गायरान कसायला घेतले, दगडगोटे वेचून पडीक माळ पिकवला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही पिढ्या उलटल्या आणि कित्येकांच्या नावावर अजून सातबारा चढलेला नाही. म्हणजे माणूस जमीन कसतो, बैल राबवतो, पण महसुलाच्या दप्तरात तो ना शेतकरी, ना पशुपालक! त्याचा बैल मेला तर तो बैल कोणाचा होता, असा प्रश्न शासनाला पडतो.

दुसरी गोष्ट अर्धेलीची. आमच्या वस्त्यांतून निम्म्या वाट्याने जनावर सांभाळण्याची रीत सर्वत्र आहे. गावातला ऐपतदार कालवड किंवा शेळी विकत घेतो आणि वस्तीतल्या बाईकडे सांभाळायला देतो. चारा ती आणते, शेण ती काढते, बाळंतपण ती करते, रात्री उठून ती बघते. पुढे विक्री झाली की पैसे निम्मे-निम्मे, किंवा वेतातले एक पिलू तिचे. हा करार कोठेही लिहिलेला नसतो. जनावर मेले की पंचनाम्यावर नाव कोणाचे लागणार? ज्याच्या नावावर कानातला बिल्ला आहे त्याचे. भरपाई त्याच्या खात्यावर जमा होते आणि जिने दोन वर्षे ते जनावर पोटच्या पोरासारखे वाढवले, तिच्या हाती फक्त रिकामे दावे उरते. कुळाचा हक्क मान्य करायला या राज्याला कूळ कायदा करावा लागला. जनावराच्या या कुळाकडे अजून कोणाचे लक्षही गेलेले नाही.

तिसरी गोष्ट, कोणते जनावर? लम्पी गाईबैलांचा रोग होता, म्हणून साऱ्या देशाचे लक्ष गेले. पण गरिबाच्या दारात गाईपेक्षा शेळी जास्त. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा प्लेगसारखा रोग कळपात शिरला की अर्धा कळप झोपवतो. शेळी मेल्यावर किती वस्त्यांत पंचनामा होतो? बाई शेळी पुरते, डोळे पुसते आणि दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जाते. शासन एका हाताने अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदानावर दहा शेळ्या आणि एका बोकडाचा गट देते, फोटो छापून आणते. त्या शेळ्यांचे तीन वर्षांनी काय झाले, हे विचारायला मात्र कोणी येत नाही. आपत्तीच्या निकषात शेळीची किंमत २०१५ साली ३ हजार होती, २०२२ साली ती ४ हजार झाली. या पैशांत बाजारात धड पाट मिळायची नाही, हे बाजार करणाऱ्या कोणालाही विचारा.

कोंबडीची कथा याहून बोलकी आहे. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला. नवापूर हा आदिवासी तालुका. तेथे पोल्ट्रीचे मोठे व्यावसायिक होते आणि दारात पाच-दहा गावरान कोंबड्या ठेवणारी आदिवासी घरेही होती. रोग रोखण्यासाठी त्या परिसरातील सगळ्या कोंबड्या मारणे भाग होते. त्या मारल्या गेल्या, गाडल्या गेल्या. २०२१ साली नवापुरावर तीच पाळी पुन्हा आली. या रोगात भरपाईचा नियम असा की शासनाने मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते, रोगाने मेलेल्याची नाही. २०२१ साली अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये आणि मांसल कोंबडीला ७० रुपये असा दर होता. गावरान कोंबडी त्या वेळी बाजारात याच्या कित्येक पटीने विकली जात होती. डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० साली आसाम-अरुणाचलात आला, तेथेही नियम हाच. ठार केलेल्या डुकराचे पैसे, मेलेल्याचे नाहीत.

या नियमामागे एक विचार आहे, तो नीट समजून घेऊ. शासनाने मारले म्हणजे शासनाने मालमत्ता हिरावली, म्हणून भरपाई. रोगाने मारले तर तो ज्याचा त्याचा दैवभोग! शिवाय मालकाने रोग लपवू नये, लवकर कळवावे, हाही हेतू. पण ज्याच्या गावात पशुवैद्यक येतच नाही, त्याने लवकर कळवायचे कोणाला? दवाखाना तालुक्याला, वस्ती वेशीबाहेर, आणि पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा रिकामी. तो कळवेपर्यंत अर्ध्या कोंबड्या मेलेल्या असतात. मोठ्या पोल्ट्रीवाल्याकडे डॉक्टर आहे, फोन आहे, विमा आहे. त्याचे पक्षी जिवंत असताना मोजले जातात. गरिबाचे पक्षी मेल्यावरही मोजले जात नाहीत. नियम सर्वांना सारखा दिसतो, पण विषम समाजात सारखा नियम विषमच फळ देतो, हे आम्ही शंभर वर्षे सांगत आलो आहोत.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान धारण क्षेत्रांवर जो प्रबंध लिहिला, त्यात त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला लागणारे भांडवल, औजारे, बैल शेतकऱ्याकडे किती आहेत, यावर ते ठरते. म्हणजे बैल हे उत्पादनाचे भांडवल आहे. या दृष्टीने पाहिले तर बैल मेला म्हणजे दोन एकरवाल्याची शेतीच त्या हंगामापुरती मेली. भाड्याने ट्रॅक्टर आणायचा तर पैसे रोख द्यावे लागतात. कारखान्याचे यंत्र जळाले तर विमा कंपनी नुकसान मोजते. शेतकऱ्याचे यंत्र लम्पीत मेले तेव्हा आम्ही त्याला २५ हजार दिले आणि त्याला ‘सहाय्य’ म्हटले.

याच शासनाने २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक केला. गाईच्या हत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, आता बैल आणि वळूही त्यात आले. या कायद्याचे धार्मिक राजकारण आपण सारे ओळखून आहोत. येथे आम्ही फक्त हिशेबाबद्दल बोलतो. पूर्वी थकलेला बैल विकून शेतकरी त्यात भर घालून नवा बैल आणायचा. ती वाट बंद झाली. थकलेल्या बैलाला मरेपर्यंत पोसा, हा हुकूम शासनाने दिला. मग रोगाच्या साथीत तो बैल, ती भाकड गाय मेली तर? भरपाईच्या कागदावर तीन रकाने आहेत, दुधाळ, ओढकामाचे आणि वासरू. आपत्तीच्या निकषात तर ‘उत्पादक’ जनावराचीच अट आहे. भाकड गाय आणि थकलेला बैल कोणत्या रकान्यात लिहायचा? विकायला गेलो तर ती गोमाता, मेली तर ती अनुत्पादक! गाईच्या नावाने मते मागणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आणि शेवटी, मेलेले जनावर उचलायचे कोणी? संसर्गाने मेलेले जनावर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावे लागते. हे काम धोक्याचे आहे, अंगमेहनतीचे आहे. या देशात हे काम एका जातीच्या माथी मारलेले होते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे सांगितले आणि आमच्या वाडवडिलांनी उपासमार सोसून ते पाळले. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. पण गावाच्या मनातून ते गेले काय? २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या बांधवांनी मृत गुरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली आणि ‘तुमची माता, तुम्हीच सांभाळा’ असे ठणकावले. साथ आली की गाव पुन्हा वस्तीकडे बोट दाखवते, हे लक्षात ठेवा. मृत जनावराची विल्हेवाट ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ती यंत्राने व्हावी, संरक्षक साधने देऊन व्हावी, योग्य मजुरी देऊन व्हावी, आणि कोणाचीही जात विचारून होऊ नये. मालकाला भरपाईचे पैसे मोजणाऱ्या शासनाने खड्डा खोदणाऱ्याच्या मजुरीचा रकानाही त्याच कागदावर ठेवावा.

आमच्या मागण्या म्हणून स्पष्ट आहेत. साथीच्या रोगाने मेलेल्या जनावराची भरपाई कायद्याने हक्क म्हणून मिळावी. तिला सातबाऱ्याची अट नसावी, शिधापत्रिका आणि कानातला बिल्ला पुरेसा मानावा. अर्धेलीने सांभाळणाऱ्याचे नाव पंचनाम्यात लिहून त्याचा वाटा त्याच्या खात्यावर जमा व्हावा. शेळी, मेंढी, डुक्कर, गावरान कोंबडी यांनाही तोच न्याय मिळावा. दर बाजारभावाशी जोडून दरवर्षी ठरावेत. पंचनाम्यापासून पैसे जमा होईपर्यंतची मुदत कायद्यात लिहावी. आणि लसीकरणाची गाडी गावाच्या चावडीवर थांबून परत न जाता वस्तीपर्यंत यावी.

मागणी करून आपले काम संपत नाही. समाजबांधवांनो, काही गोष्टी आपल्या हाती आहेत. कानातला बारा अंकी बिल्ला नसेल तर आजच मारून घ्या. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री होत नाही आणि आपत्तीची मदतही अडते. बिल्ला कोणाच्या नावावर आहे ते तपासा, घरातली बाई जनावर सांभाळत असेल तर तो तिच्याच नावावर करा. जनावर आजारी पडले की दवाखान्याला लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण तोंडी सांगितलेले दप्तरात उरत नाही. जनावर मेले तर पंचनामा होईपर्यंत पुरू नका, फोटो काढून ठेवा, पंचनाम्याची प्रत मागा. विम्याच्या हप्त्यात २०२४ पासून पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे, त्याची चौकशी करा. गावातल्या शिकलेल्या पोरांनी सुटीच्या दिवशी वस्तीतल्या जनावरांची यादी करावी, बिल्ल्यांचे क्रमांक वहीत लिहावेत. बुद्धविहारात जयंतीची वर्गणी लिहिणारी आपली वही आहे, तशीच ही एक वही ठेवायला काय हरकत आहे? पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल तेव्हा आपल्या वस्तीतले एकही जनावर मोजणीबाहेर नसावे.

ज्या समाजाने मेलेले जनावर ओढणे नाकारले, त्याच समाजाने आता जिवंत जनावराचा आणि त्याच्या मोलाचा हक्क मागायचा आहे. तो अनुग्रहाने मिळणार नाही. शिकून, संघटित होऊन, अर्जावर अर्ज देऊन, वेळ पडली तर रस्त्यावर उतरूनच तो घ्यावा लागेल.

जयभीम!